आठव्या घरातला मंगळ

बाबांच्या बसायच्या खोलीत भिंतीवर एक मोठा नकाशा होता आणि त्यावर नऊ रंगीत टाचण्या टोचलेल्या होत्या. नऊ ग्रहांची नऊ क्षेत्रं. शनीची निळी टाचणी नदीच्या मुखाशी, चंद्राची पांढरी एका तळ्याच्या काठी, मंगळाची लाल डोंगरमाथ्यावर. माणूस समोर येऊन बसायचा, आपलं गाऱ्हाणं सांगायचा. बाबा कुंडली मांडायचे, थोडा वेळ डोळे मिटायचे आणि उठून नकाशापाशी जायचे. "तुम्हाला इथं जायला हवं." बस कुठून सुटते, पायऱ्या किती, गुडघे दुखत असतील तर मागच्या अंगानं गाडीरस्ता कुठं आहे, सगळं सांगायचे. डॉक्टर औषध लिहून देतात तसं बाबा देऊळ लिहून द्यायचे.

मी इस्पितळात एक्स-रे काढते. माणसाच्या आत काय मोडलंय ते मी फिल्मवर बघते, बाबा कागदावर बघायचे. यावरून आमचं कधी वाजलं नाही. वाजायचं ते आत्याचं आणि बाबांचं, आणि तेही चष्मा कुठं ठेवला, पंखा कुणी चालू सोडला, असल्याच गोष्टींवरून.

आत्या बाबांपेक्षा तीन वर्षांनी मोठी. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ती मुख्य कापणारी होती. लांबलचक टेबलावर चाळीस घड्या कापड एकावर एक पसरायचं आणि वरून खडूनं आखून एका दमात कापायचं, हे तिचं काम. हात जरा हलला तर चाळीस सदऱ्यांचे खांदे वाकडे. तिचा हात कधी हलला नाही. तिथल्या मुली तिला 'मोठ्या बाई' म्हणायच्या आणि मागं 'फूटपट्टी'. दुसरं नावही तिला ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचं.

तिचं लग्न झालं नव्हतं. मी चार वर्षांची असताना माझी आई गेली, आणि त्यानंतर मला न्हाऊमाखू घालण्यापासून पहिल्या नोकरीच्या दिवशी माझी ओढणी इस्त्री करण्यापर्यंत सगळं आत्यानं केलं. ती बिनलग्नाची का राहिली, हे मी लहानपणी एकदा विचारलं होतं. "मला आठवा मंगळ आहे," ती म्हणाली, एखादा पायात बारा नंबरची चप्पल लागते म्हणून सांगेल तसं. पत्रिकेत आठव्या घरात मंगळ असलेल्या बाईच्या नवऱ्याच्या जिवाला धोका असतो, असं मानतात. वर्षातून एकदा, ठरलेल्या मंगळवारी, ती डोंगरावरच्या देवळात जायची. बाबा बरोबर असायचे. सदतीस वर्षांत तिनं एकही खेप चुकवली नव्हती. एकदा पाय मुरगळलेला असताना ती तीनशे दहा पायऱ्या बसत बसत चढली होती.

बाबा रविवारी सकाळी ज्योतिषाचा वर्ग घ्यायचे. पाचसहा जण यायचे. त्या वर्षी त्यांत एक औषधांचं दुकान चालवणाऱ्या बाई होत्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, आणि गोळ्या मोजून मोजून बोटांना शिस्त लागलेल्या. अष्टमातला मंगळ शिकवायचा दिवस आला की बाबा दरवर्षी एकच कुंडली फळ्यावर काढायचे. कुणाची ते सांगायचे नाहीत. तूळ लग्न, सप्तमाचा मालक मंगळ, आणि तोच जाऊन बसलाय आठव्यात. "विवाहसुख नाही. याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही," असं म्हणून ते खडू ठेवायचे.

त्या रविवारी मी चहा घेऊन आत गेले तेव्हा औषधवाल्या बाई म्हणत होत्या, "गुरुजी, जन्मवेळ मिळेल का? मला ही पहिल्यापासून मांडून बघायचीय. सराव होईल."

बाबांनी पाठीमागच्या फडताळातली जुनी वही काढून तारीख आणि वेळ वाचून दाखवली. बाकीचे चहा पीत होते, बाई आकडे मांडत होत्या. पंधरा मिनिटांनी त्यांनी मान वर केली.

"माझंच काहीतरी चुकतंय. तूळ येत नाही. कन्या येतंय."

"पुन्हा करा."

"दोनदा केलं गुरुजी." त्यांचा आवाज अगदी अदबीचा होता. "स्थानिक वेळेचा फरक चोवीस मिनिटं. तो वजा करायचा ना? केला, तर कन्या येतंय. चुकून मिळवला, तरच तूळ येतं. म्हणजे ज्यांनी ही मांडली, त्यांचं लग्न चुकलंय."

आपल्या भाषेत जन्माच्या वेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीलाही लग्नच म्हणतात. बाई बिचाऱ्या राशीबद्दलच बोलत होत्या. एक जण हसला सुद्धा, "लग्न चुकलं म्हणजे सगळंच चुकलं की!" बाबा हसले नाहीत. त्यांनी बाईंचा कागद घेतला, वरून खाली वाचला. लग्न एक घर मागं सरकलं की मंगळ आठव्यातून नवव्यात जातो. नववं घर भाग्याचं. तिथल्या मंगळाला कुणी दोष म्हणत नाही.

"आज इथंच थांबू," बाबा म्हणाले.

सगळे गेल्यावर मी कप उचलायला गेले तर ते वही मांडीवर घेऊन तसेच बसले होते. वहीवर त्यांच्या तरुणपणच्या अक्षरात आत्याचं नाव होतं.

"बाबा, ही आत्याची?"

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "मी मांडलेली पहिली कुंडली."

त्यांनी मला तेव्हा सांगितलं ते असं. आत्या चोवीस वर्षांची असताना तिला एक स्थळ आलं होतं. मुलगा नगररचनेच्या कचेरीत नकाशे काढायचा. घरात त्याला सगळे 'नकाशेवाला' म्हणत. दोन्ही घरांची ओळख होती, आणि नकाशेवाला काही ना काही निमित्त काढून घरी यायचा. कधी पेन्सिल विसरायचा, कधी विसरलेली पेन्सिल न्यायला यायचा. त्याच्या आईनं पत्रिका मागितली. बाबा तेव्हा एकवीस वर्षांचे, गुरूंकडे नुकते शिकायला लागलेले. गुरू गावाला गेले होते. "मी करतो," बाबा मोठ्या ऐटीत म्हणाले, आणि केली. मंगळ आठव्यात निघाला. नकाशेवाल्याच्या आईनं निरोप धाडला, जमणार नाही.

"आणि तो?"

"तो आला होता. आपण हे मानत नाही म्हणाला. ताईनंच नाही म्हटलं." बाबांनी वही मिटली. "मी दाराआड उभा होतो. 'माझ्यामुळं तुम्हाला काही झालं तर मी कुणाकडं बघू,' असं म्हणाली ती त्याला."

मला वाटलं होतं की यापेक्षा वाईट काही नसेल. पण बाबा तसेच बसून होते, आणि आणखी काही सांगायचं असलं की ते अंगठ्यानं नखं घासायचे, तसं घासत होते. मी विचारलं नाही.

नेमक्या पुढच्या आठवड्यात वर्षाची खेप होती. बाबांना वाटलं, देवळातून आल्यावर सांगावं. मग वाटलं, जाण्याआधी सांगावं. शेवटी काहीच न ठरवता ते निघाले. त्यांच्या छातीत अधूनमधून दुखायचं म्हणून मीही रजा काढून बरोबर गेले.

बसमध्ये आत्या खिडकीशी बसली होती. ती त्या दिवशी नेहमीच खुशीत असायची. कारखान्यातल्या गमती सांगत होती: एका नव्या मुलीनं शंभर विजारींना एकच पाय शिवला होता. "मी म्हटलं, बाई गं, बगळ्यांची शाळा आहे का ही?" मी हसले. बाबा समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत होते.

डोंगराच्या पायथ्याशी उतरलो. ऊन कोवळं होतं, गर्दी नव्हती. आत्या पुढं, मध्ये मी, मागं बाबा. दोनशेव्या पायरीवर दगडी कट्टा आहे, तिथं सगळे दम खातात. आत्यानं पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि आधी बाबांना दिली. बाबांनी ती हातात धरली, प्यायले नाहीत.

"ताई, बस जरा."

"बसतेच आहे की."

"तुझी पत्रिका चुकीची मांडली होती मी."

आत्यानं त्यांच्याकडं पाहिलं. तिला वाटलं असावं, ऊन लागलंय. बाबांनी सगळं सांगितलं: चोवीस मिनिटं, वजा करायची ती मिळवली, तूळ नव्हे कन्या, आठवं नव्हे नववं. एखाद्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं नीट सांगितलं. वरून उतरणारं एक कुटुंब आमच्या बाजूनं निघून गेलं. त्यातल्या म्हातारीनं आत्याला नमस्कार केला आणि आत्यानं सवयीनं तिला परत नमस्कार केला.

मग तिनं जे विचारलं, ते आमच्या दोघांच्याही ध्यानीमनी नव्हतं.

"म्हणजे ते माझ्यामुळं गेले नाहीत?"

"कोण?" बाबा म्हणाले.

"कोण काय विचारतोस!"

नकाशेवाला पंचवीस वर्षांपूर्वीच वारला होता. त्याचं दुसरीकडं लग्न झालं, मुलं झाली, आणि चाळिशी गाठायच्या आधीच एका दुपारी कचेरीत टेबलावर डोकं ठेवून तो गेला. बाबांना हे माहीत होतं. पण ताईचं आणि त्याचं काही उरलं असेल, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"मी लग्न केलं नाही," आत्या म्हणाली. तिचे हात मांडीवर सपाट पसरलेले होते, कापड सारखं करताना असायचे तसे. "पण मनातून तर काढलं नव्हतं ना. मला वाटायचं, या ग्रहाला तेवढंही पुरतं. देवाला दरवर्षी सांगायचे मी, माझं मन माझ्या ताब्यात नाही, पण त्यांना सांभाळ. बारा वर्षं सांभाळलं. ते गेले तेव्हा मला वाटलं, माझंच कुठंतरी कमी पडलं. त्यानंतर मी माफी मागायला यायचे."

"ताई, नाही गं. तुझ्यामुळं नाही."

"नक्की ना? की हेही एकदाच मांडलंयस?"

"तीनदा मांडलंय. त्या बाईंनीही मांडलंय. तुझ्या पत्रिकेत तसलं काही नाही. कधीच नव्हतं."

मग आत्या रडली. मी तिला तोवर फक्त एकदा रडताना पाहिलं होतं, आईच्या वेळी, तेही पाठमोरी. इथं ती उघड्यावर, कट्ट्यावर बसून, तोंड न झाकता रडली. आणि त्या रडण्यात दुःखाबरोबर मोठी सुटका होती, हे मला दिसत होतं. पंचवीस वर्षं ती एका माणसाचा जीव आपल्या माथ्यावर घेऊन गणवेश कापत होती, माझी वेणी घालत होती, बगळ्यांचे विनोद करत होती, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

बाबांनी तिथंच थांबायला हवं होतं, असं मला कितीदा तरी वाटतं. रडून झाल्यावर आत्यानं पदरानं तोंड पुसलं, आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "जाऊ दे धाकट्या. एकवीस वर्षांचं पोर होतास. चूक कुणाची होत नाही?"

बाबांना ती माफी घेता आली असती. पण ते म्हणाले, "अजून एक आहे."

दोन महिन्यांनी गुरू गावाहून परतले होते. बाबांनी दुसऱ्या कुणाची तरी पत्रिका त्यांना दाखवली, तेव्हा ते भडकले: अरे, आपल्याकडं फरक वजा करतात, मिळवत नाहीत! बाबांना त्याच क्षणी ताईची पत्रिका आठवली. घरी येऊन त्यांनी वही काढली. उघडली. आणि मिटून ठेवली.

"का?" आत्यानं विचारलं.

"भीती वाटली. सगळीकडं झालं होतं की पोरानं पहिल्याच पत्रिकेत आठवा मंगळ पकडला. लोक यायला लागले होते. म्हटलं, चोवीस मिनिटांनी काय होतंय, तेच येईल. म्हटलं, स्थळ तर मोडलंच आहे. मग नाहीच बघितलं. पुढं वर्गात शिकवायला लागलो, तसं दरवर्षी ते मला आणखी खरं वाटत गेलं."

"त्यांचं लग्न ठरलं कधी?" आत्यानं विचारलं. तिला ठाऊक होतं. तिला ते बाबांच्या तोंडून हवं होतं.

"मी वही मिटली त्यानंतर पाच महिन्यांनी."

आत्यानं मान डोलावली, हिशेब जुळल्यासारखी. मग ती उठली.

"मी जन्मभर दोनदा मोजून एकदा कापलं," ती म्हणाली. "परक्यांच्या पोरांचे सदरे होते ते. तुला सख्ख्या बहिणीसाठी एकदा वही उघडता आली नाही? तुझी चूक मी विसरेन रे. पण तू बघितलं नाहीस, ते कसं विसरू?"

बाबांनी हातातली पाण्याची बाटली तिच्या पिशवीत परत ठेवली.

वर अजून एकशे दहा पायऱ्या होत्या. मी विचारलं, आत्या, जायचं का वर? तिनं देवळाच्या कळसाकडं पाहिलं. "त्याचं माझं काही वाकडं नव्हतंच म्हणे," ती म्हणाली. "उगाच कशाला त्रास द्यायचा?" आणि ती खाली उतरायला लागली. बाबा एकटे वर गेले. बस सुटायच्या पाच मिनिटं आधी ते खाली आले आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले, आमच्यापासून लांब.

महिन्याभरात आत्यानं कारखान्याजवळ एक खोली घेतली. एकसष्टाव्या वर्षी वेगळं घर कशाला, असं मी म्हटलं, रडले, भांडले. ती माझ्यावर रागावली नव्हती. आपली कात्री, दोन पातेली आणि कपड्यांची ट्रंक घेऊन ती गेली. "तू केव्हाही ये," मला म्हणाली. "चावी ठेव तुझ्याजवळ."

तेव्हापासून माझ्या मनात एक ठसठसतं, ते मी आत्याखेरीज कुणाला बोलले नाही. आत्याचं लग्न झालं असतं, तर आई गेल्यावर मला कोण होतं? बाबांनी ती वही मिटली, म्हणून माझ्या वाट्याला आत्या आली. एकदा तिच्या खोलीवर मी हे तिला सांगितलंच. ती माझ्या कुडत्याला बटण लावत होती. तिनं दातानं दोरा तोडला आणि म्हणाली, "तेवढं एक त्या चुकीत चांगलं निघालं. पण ते धाकट्याच्या खात्यात घालू नकोस. ते माझं आहे."

बाबांनी वर्ग बंद केला. माणसं यायची, पण पत्रिका मांडल्यावर ते त्यांना आठ दिवसांनी बोलवायचे आणि तो कागद औषधवाल्या बाईंकडं पाठवायचे. बाईंनी होकार दिला तरच नकाशापाशी उठायचे. पुष्कळांना हे आवडलं नाही. जिथं लगेच उत्तर मिळतं तिथं ती माणसं गेली. तरुणपणी, गुरू गावाहून परतेपर्यंतच्या त्या दोन महिन्यांत, बाबांनी आणखी सहा पत्रिका मांडल्या होत्या. ती माणसं शोधायला ते दीड वर्ष हिंडले. चौघं सापडली. दोघांच्या पत्रिकेत त्या फरकानं काही बदललं नव्हतं. एका बाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. चौथ्या गृहस्थांनी पाणी दिलं आणि म्हणाले, "आता सांगून काय उपयोग?" बाबा म्हणाले, "तुम्हाला नाही. मला."

दर रविवारी सकाळी ते आत्याच्या खोलीवर जायचे. आत्या दार उघडायची, खुर्ची द्यायची, चहा द्यायची. तब्येतीचं विचारायची. 'धाकट्या' म्हणायची नाही. अर्ध्या तासानं ते उठायचे. तीन वर्षं हे असं चाललं.

मग बाबांचं हृदय फारच थकलं. त्यांच्या छातीचा एक्स-रे मीच काढला. श्वास धरा, असं त्यांना सांगून मी बटण दाबलं. फिल्मवर हृदय एवढं मोठं पसरलेलं होतं की डॉक्टरांना दाखवायच्या आधीच मला कळलं. मी आत्याला फोन केला. ती कारखान्यातून तशीच आली, बोटांना खडू लागलेला.

ते सहा दिवस ती त्यांच्या खाटेशी होती. अंग पुसायची, चमच्यानं पाणी पाजायची, इस्पितळाच्या अंगरख्याचे बंद वाकडे शिवलेत म्हणून परिचारिकांना ऐकवायची. पाचव्या दिवशी दुपारी बाबांना जरा हुशारी वाटली. त्यांनी तिचा हात धरला.

"ताई, माफ केलंस?"

मी खिडकीशी होते. मला वाटलं, आता ती हो म्हणेल. कुणीही म्हटलं असतं. आत्यानं त्यांच्या कपाळावरचे केस मागं सारले.

"पडून राहा धाकट्या," ती म्हणाली. "बोलू नकोस. दम लागतो."

तीन वर्षांनी तो शब्द ऐकून बाबांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

सगळं आटोपल्यावर मी आणि आत्या रिकाम्या घरात बसलो होतो. मी तिला विचारलं, "तू हो का नाही म्हणालीस गं?"

"नव्हतं केलं माफ," ती म्हणाली. "मरणाऱ्या माणसाला खोटं कसं सांगू? तो माझ्याशी शेवटी खरं बोलला होता."

"मग इतकं केलंस कशाला त्यांचं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं, मी काहीतरी वेड्यासारखं विचारल्यासारखं.

"भाऊ होता ना," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.